३२ फुटी बोटीला पक्कं छप्पर घालावं की कापडी कॅनपी?

मांडवा_वीकेंड:
नमस्कार मंडळी. आमची ३२ फुटी फायबरची एक्स्प्रेस क्रूझर आहे. दोन डिझेल इंजिनं, वजन भरल्या टाकीसकट साधारण ६ टन. ऑक्टोबर ते मे मांडव्याला मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच दोराने बांधलेली असते. कॉकपिट, म्हणजे सुकाणूची आणि बसायची जागा, उघडं. वर फक्त बिमिनी, म्हणजे दांड्यांवर ताणलेलं कापड.

बाबा ७४ वर्षांचे. डॉक्टरांनी त्यांना ऊन टाळायला बजावलंय, पण समुद्र सोडायला ते तयार नाहीत आणि मलाही त्यांना घरी बसवून बोट चालवायची नाही. बिमिनीची सावली डोक्यावर असते तेवढीच. तीननंतर ऊन कडेने येतं. त्यात मार्चपासून दुपारी वायव्येचा वारा उठतो. मुंबईकडे निघालं की डाव्या अंगाने फवारा थेट सुकाणूवरच्या माणसावर.

एक कारागीर स्टीलच्या पाईपवर फायबरचं छप्पर सुचवतोय, वजन १५० किलोच्या आसपास. दुसरा म्हणतो चारी बाजूंनी पारदर्शक पडदे असलेली कॅनपी करा. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. पैशांची सोय करीन, पण बोट बिघडवायची नाहीये. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

रत्नागिरी_फायबर:
दादा, खर्चाचं नंतर बघू. आधी वजन.

१५० किलो हा आकडा ६ टनांपुढे किरकोळ वाटतो, पण ते वजन कुठे बसतंय ते बघा. बोटीच्या गुरुत्वमध्यापासून छप्पर २ मीटर वर धरलं, तर सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य जवळपास ५ सेंटिमीटर वर सरकतो. एवढं तुमच्या रुंद बोटीला सहसा पेलतं. पण उद्या पाहुण्यांपैकी चौघं फोटोसाठी छपरावर चढले, तर तेच ५ सेंटिमीटर १४ च्या पुढे जातात. छपरावर माणूस चढणार नाही, हे आजच ठरवा आणि वर जायची शिडी लावूच देऊ नका.

काम सुरू व्हायच्या आधी एक चाचणी घ्या, फुकटची आहे. सकाळी पाणी शांत असताना दोर सैल सोडा, दोघांनी एका कडेवर लयीत भार देऊन बोट डोलवा आणि मग हालचाल न करता उभे राहा. पाच पूर्ण हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजा, तीनदा. छप्पर बसल्यावर तेवढंच डिझेल, तेवढंच पाणी ठेवून पुन्हा मोजा. किंचित फरक पडणारच. पण बोट आधीपेक्षा सुस्त डोलायला लागली, कलल्यावर सावकाश परत येऊ लागली, तर तिची सरळ होण्याची ताकद घटली असं समजा आणि नेव्हल आर्किटेक्टला दाखवल्याशिवाय माणसं बसवू नका.

दुसरी गोष्ट वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३५ नॉटच्या (ताशी सुमारे ६५ किलोमीटर) झोताला एका चौरस मीटरवर साधारण २० किलोचा रेटा येतो. एका बाजूचे पडदे ५ चौरस मीटर धरले तर १०० किलो, आणि तोही उंचावर. पडदे बंद ठेवून बोट मुरिंगवर सोडायची म्हणजे ती रात्रभर दोराला हिसके देत राहणार. हे कापडी कॅनपीलाही लागू आहे, पक्क्या छपराखालच्या पडद्यांनाही.

आता पायांबद्दल, कारण काम बिघडतं ते इथेच. तुमच्या डेकमध्ये बहुधा वर-खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकूड असेल. थेट भोक पाडून बोल्ट आवळला की दोन गोष्टी होतात: मधलं लाकूड चेपतं, आणि पाणी आत शिरून डेक कुजतो. वरून काही दिसत नाही, पाय ठेवल्यावर मऊ लागतं तेव्हा कळतं. म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठं पाडायचं, कडेचं लाकूड आत बोटभर कोरून काढायचं, जाड केलेलं इपॉक्सी भरायचं, ते कडक झाल्यावर त्यात बोल्टच्या मापाचं भोक. खालून तळहाताएवढी प्लेट. कारागीर ‘वॉशर पुरे’ म्हणाला तर त्याला काम देऊ नका.

पाईप ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचाच घ्या. ३०४ ला आपल्या खारट हवेत वेल्डिंगपाशी तपकिरी डाग लवकर धरतात. चुंबक लावून या दोहोंतला फरक ओळखता येत नाही, तेव्हा मिलचं सर्टिफिकेट मागा.

शारजा_खाडी:
कॅनपीबद्दल मी लिहिते, आमच्याकडे इथे तीच आहे. कापड अ‍ॅक्रिलिकचं चांगलं टिकतं, आधी उसवते ती शिवण. साधा पॉलिएस्टर दोरा उन्हाने कमजोर होतो, कापड धडधाकट असताना टाके सुटतात. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग पडतो, पण ऊन त्याला खात नाही. तोच घाला.

पारदर्शक पडदा तापलेल्या पाईपला टेकला की तिथे भाजल्यासारखा पट्टा उमटतो आणि तो जात नाही. पाईप आणि पडदा यांच्यामध्ये कापडाची पट्टी शिवून घ्या. खार बसलेला असताना कोरडं फडकं फिरवू नका, आधी गोडं पाणी ओता. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे तर मुळीच नको. बाबा सनस्क्रीन लावत असतील तर तेवढा हातही पडद्याला लागू देऊ नका.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. पुढचे-बाजूचे पडदे बंद आणि मागचा उघडा, अशी बोट चालवली की मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर उलट कॉकपिटमध्ये ओढला जातो. डिझेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, पण म्हाताऱ्या माणसाला तो धूरही नको. पुढची एक खिडकी कायम थोडी उघडी ठेवा, म्हणजे हवा पुढून मागे वाहते. शिवाय सीओ अलार्म लावाच, बाबा बसतात तिथेच.

मालवण_तांडेल:
वरच्यांनी चांगलं लिहिलंय. रात्री दुसऱ्या बोटींना दिसायच्या दिव्यांचं राहिलं. बिमिनीच्या मागच्या दांड्यावर पांढरा दिवा असेल तर छपराने तो पुढून झाकला जाईल. तो छपरावर घ्या, लाल-हिरव्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर उंच. जीपीएसचा अँटेना फायबरखाली चालतो, पण कार्बन फायबर असेल तर वरच बसवा. वायर पाईपच्या आतून न्यायची तर भोकं वेल्डिंगच्या वेळीच ठेवायला सांगा.

पावसाळ्यात बोट वर काढताना क्रेनचे पट्टे छपराला घासतात का, तेही मोजा. शाकारायला मात्र पक्कं छप्पर बरं. पाणी साचू नये म्हणून मधे उंचवटा आणि चारी कोपऱ्यांना निचरा हवा.

मांडवा_वीकेंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी हेलकावे मोजले आणि वहीत लिहून ठेवले. डेकला भोकाऐवजी आधी टिचकी मारून पाहिलं, डाव्या बाजूला एका जागी आवाज बद्द येतोय. ती जागा उघडून बघितल्याशिवाय काही बसवणार नाही.

सध्या विचार असा आहे: छप्पर फक्त सुकाणू आणि त्यामागच्या बाकापुरतं, फोमच्या गाभ्याचं, ८० किलोच्या आत. पुढे आणि डावीकडे गुंडाळता येणारे पडदे, मागचा भाग उघडा, तिथे काढता येणारं कापड. बाबांची जागा बाकाच्या डाव्या टोकाला, म्हणजे मुंबईकडे जाताना पश्चिमेचं ऊन आणि फवारा दोन्ही पडद्यावर अडतील.

रत्नागिरीकर, ८० किलोला ३२ मिलिमीटरचा पाईप पुरेल की ३८ च घेऊ?

रत्नागिरी_फायबर:
३८ घ्या. वजन उचलायला ३२ पुरेल, पण लाटेत माणूस तोल जाऊन तोच पाईप धरतो. आणि तिरपा आधार पुढच्या दोन्ही पायांना द्या, नाहीतर छप्पर आडवं हलत राहील आणि सगळा ताण डेकवरच्या बोल्टवर येईल. डावी जागा उघडलीत की फोटो टाका.