दुसऱ्या चाहतीची होम्स-कथा मिसेस हडसन यांच्या बाजूने लिहिताना

पागोळी

सर्वांना नमस्कार. शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथा मी गेली सहा-सात वर्षे वाचते आहे आणि स्वतःही चार-पाच लिहिल्या आहेत. गेल्या महिन्यात एओथ्री या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर एका लेखिकेची इंग्रजी कथा वाचली आणि ती मनातून जात नाही. काळ १८९३ च्या हिवाळ्याचा. होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात पडून मेला असे सगळे धरून चालले आहेत, त्याचा मित्र वॉटसन याची पत्नीही वारली आहे, आणि वॉटसन एका संध्याकाळी होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या बंद खोल्यांत येऊन तासभर नुसता बसून राहतो. सारी कथा वॉटसनच्या तोंडून आहे. घरमालकीण मिसेस हडसन तिच्यात दोनदाच येतात, एकदा चहा ठेवायला आणि एकदा तसाच गार झालेला चहा उचलायला. दुसऱ्या वेळी त्या दाराशी थबकतात, काही बोलतील असे वॉटसनला वाटते, पण त्या न बोलता खाली जातात.

तीच संध्याकाळ मला मिसेस हडसन यांच्या बाजूने मराठीत लिहायची आहे. होम्स जिवंत आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि म्हणून त्या गप्प राहतात, अशी माझी कल्पना आहे. मात्र तीन पाने लिहून झाल्यावर लक्षात आले की मूळ कथेतली वाक्येच मी मराठीत आणते आहे, बदलला आहे तो केवळ ‘मी’. मूळ संवाद तसेच ठेवावेत का? आणि होम्स आता कोणाच्याच मालकीचा नाही, तर लेखिकेची परवानगी घ्यायला हवी का, की शेवटी ऋणनिर्देश पुरेसा आहे?

दौत-टाक

परवानगीचे आधी सांगतो. होम्सचे निर्माते कॉनन डॉयल १९३० साली वारले. भारतात त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार (कॉपीराइट) केव्हाच संपला आहे, आणि अमेरिकेत उरलेल्या शेवटच्या होम्स-कथाही १ जानेवारी २०२३ रोजी खुल्या झाल्या. पण खुला झाला तो डॉयल यांचा होम्स. ती संध्याकाळ, तो गार चहा आणि दाराशी थबकणे हे त्या लेखिकेने रचलेले आहे. तिचे संवाद आपण मराठीत आणले तर तो अनुवाद ठरतो, आणि अनुवादाचा हक्क १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार मूळ लेखकाकडेच असतो. आपण कथेतून एक पैसाही मिळवणार नसलात तरी हे विसरून चालणार नाही.

कायद्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते असे की डॉयल आपली कथा वाचणार नाहीत, ती लेखिका वाचू शकते. २००३ पासून चाहत्यांमध्ये जे रीमिक्सचे उपक्रम होत आले, त्यांत भाग घेणारा आपल्या कथा इतरांनी नव्याने लिहाव्यात याला नाव नोंदवतानाच संमती देतो, म्हणून तेथे संकोचाला जागा नसते. तिने तिच्या प्रोफाइलवर अशी सरसकट परवानगी दिली आहे का, ते प्रथम पाहा. दिली नसेल तर कथेखालच्या प्रतिसादात चार ओळी लिहून विचारा. कथा चढवताना ‘दुसऱ्या कथेवरून प्रेरित’ या रकान्यात मूळ कथेचा दुवा द्या. तिला आपोआप सूचना जाते आणि तिने मान्यता दिली की तिच्या कथेच्या पानावर आपल्या कथेचा दुवा दिसू लागतो. कथेची भाषा म्हणून तेथे मराठी निवडता येते.

उंबरठा

परवानगीबद्दल वरचे सगळे मान्य आहे. मी कथेच्या रचनेबद्दल लिहिते, कारण आपली अडचण तेथेच आहे असे मला वाटते.

‘द एम्प्टी हाउस’ ही डॉयल यांची १९०३ मधली, होम्स जिवंत परत येतो ती कथा पुन्हा एकदा काढून वाचा. होम्स आणि वॉटसन समोरच्या रिकाम्या घरात अंधारात उभे आहेत आणि आपल्याच खिडकीच्या पडद्यावर होम्सची सावली पाहत आहेत. मेणाच्या अर्धपुतळ्याची ती सावली मध्येच हलते आणि वॉटसन चकित होतो. तेव्हा होम्स सांगतो की मिसेस हडसन यांनी तो पुतळा आतापर्यंत आठ वेळा, म्हणजे दर पाव तासाला एकदा, हलवला आहे. आपली सावली पडद्यावर पडू नये म्हणून त्या गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत जात होत्या. होम्सच्या जिवावर उठलेल्या कर्नल मोरानची गोळी पुतळ्याच्या डोक्यातून आरपार जाऊन भिंतीवर चपटी झाली, तीही त्यांनीच गालिच्यावरून उचलून होम्सच्या हातात दिली. वॉटसनच्या बाजूने ही सारी केवळ सावलीची हालचाल आहे. पडद्याच्या आत मात्र एक बाई दोन तास गुडघे टेकून आहे, आणि गोळी केव्हा येईल ते तिला ठाऊक नाही. प्रसंग एकच, पण त्यात दोघांच्या वाट्याला आलेले काम वेगळे आहे. दृष्टिकोन बदलणे याचा अर्थ माझ्या लेखी हा आहे.

आपली तीन पाने अडली ती यामुळेच असावीत. वॉटसन खोलीत बसला असताना आपल्या मिसेस हडसन काय करत आहेत? त्या त्यालाच पाहत उभ्या असतील तर आपल्याकडे वॉटसनचीच कथा राहते, थोड्या अंतरावरून सांगितलेली. त्यांना खाली, स्वयंपाकघरात न्या. तो तास तेथे घडू द्या आणि वर फक्त दोनदाच जा, जसे मूळ कथेत आहे. संवादाची एक-दोन वाक्ये राहिली की पुरे, तेवढ्यावरून वाचकाला तो प्रसंग ओळखता येतो.

‘त्यांना ठाऊक आहे’ या कल्पनेचा मात्र फेरविचार करा. होम्स परत येतो तेव्हा त्याला पाहून मिसेस हडसन यांना उन्मादाचा झटका येतो असे डॉयल यांनी लिहिले आहे, म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते. होम्सने विश्वासात घेतले होते ते एकट्या मायक्रॉफ्टला, आपल्या थोरल्या भावाला, आणि त्यानेच त्या खोल्या आणि कागदपत्रे जशीच्या तशी जपून ठेवली. यात आपल्याला हवे ते मिळते. मेलेल्या भाडेकरूच्या खोल्या त्याचा भाऊ दोन-अडीच वर्षे रिकाम्या का ठेवतो, हा प्रश्न त्या घरमालकिणीला पडल्यावाचून राहील का? तिच्याजवळ रहस्य नाही, शंका आहे. दाराशी ती थबकते ती त्या शंकेपायी, आणि बायको गमावलेल्या माणसाला नुसत्या शंकेवर आशा लावणे तिला क्रूर वाटते, म्हणून ती बोलत नाही. असे लिहिलेत तर मूळ लेखिकेचे एक वाक्यही खोटे पडत नाही. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. आपली कथा वाचून झाल्यावर तिची कथा पुन्हा वाचावीशी वाटली पाहिजे.

कंदील

एक भाषिक मुद्दा. इंग्रजीत ‘मी’ कोण हे लेखकाला पानभर लपवता येते, पण मराठीत ‘मी जिना चढले’ एवढ्यावर निवेदक स्त्री आहे हे उघड होते. ते लपवण्यासाठी ‘मी पाहिले’, ‘मी ठेवले’ अशा क्रियापदांची कसरत करू नका. ‘चढले’ या क्रियापदानेच पहिले वाक्य संपवा, म्हणजे वॉटसनचा आवाज तेथेच सुटेल.

पागोळी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जुनी तीन पाने बाजूला ठेवली आणि काल रात्री नव्याने सुरुवात केली. होम्स उत्तर न दिलेली पत्रे शेकोटीवरच्या फळीत चाकूने खुपसून ठेवत असे, तेथून आरंभ केला आहे:

“बुधवारी सकाळी मी जिना चढले. त्या खोल्या मी बुधवारीच झाडते. पत्रांमधून फळीत रुतलेला चाकू मी आजवर हलवलेला नाही, त्याच्या भोवतीची धूळ तेवढी ओल्या फडक्याने टिपते. फळी माझी आहे, भोकही माझ्याच फळीला पडले आहे, तरी चाकू काढायचा नाही अशी धाकट्या मिस्टर होम्स यांच्या थोरल्या भावाची सूचना आहे. मेलेल्या माणसाच्या पत्रांना कोण उत्तर देणार, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी हॅट उचलली आणि पुढच्या तिमाहीचे भाडे टेबलावर ठेवले.”

लेखिकेच्या प्रोफाइलवर परवानगीचा उल्लेख नव्हता, म्हणून आज सकाळी तिच्या कथेखाली लिहून विचारले आहे. तिचे उत्तर येईपर्यंत याच्या पुढचा, तिच्या प्रसंगाला हात लावणारा भाग मी कोठेही टाकणार नाही.