अनुभव धागा: वजनकाटा, टेप आणि आपली शरीराची ठेवण

वजन कमी करताना प्रगती कशावरून ओळखता, ते इथे लिहा. घरगुती पद्धतही चालेल.

सुरुवात मी करते. जिममध्ये एक्टोमॉर्फ (काटकुळा), मेसोमॉर्फ (पिळदार), एंडोमॉर्फ (गुबगुबीत) असे तीन शिक्के मारून डाएट हातात देतात. ही विभागणी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात रूढ केली, तीही शरीरावरून स्वभाव सांगण्यासाठी. त्यावर आहार ठरवायला माझा ठाम विरोध आहे. आपल्या लोकांनी त्याऐवजी चरबी कुठे साठते ते बघावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के! भारतीय पुरुषांसाठी कंबर 90 सेंमी आणि बायकांसाठी 80 सेंमी ही धोक्याची रेघ धरतात, ती यामुळेच.

पहाटवारा
धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. हातपाय काडीसारखे, उंची 173 सेंमी, वजन 66. 'तुला कसलं आलंय डाएट' हे घरीदारी ऐकायचो. ऑफिसच्या तपासणीत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा) 6.1 निघालं, ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली चरबी) वाढलेले. डॉक्टरांनी काटा बाजूला ठेवून टेप काढली. कंबर 94 भरली! पँट मात्र 34चीच, कारण ती पोटाच्या खाली बसते. पँटच्या नंबरावर कोणीही विसंबू नका. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. जेवणात डाळ, अंडी, दही वाढवलं, भात कमी केला आणि वजनं उचलायला लागलो. वर्षभराने वजन जेमतेम दोन किलो उतरलं होतं, पण कंबर 87 झाली आणि एचबीए1सी 5.6. नुसता काटा बघितला असता तर मध्येच सोडून दिलं असतं.

शेवंती
साडी नेसणाऱ्यांसाठी: परकराची नाडी कधीच काही सांगत नाही, ती सैल होत जाते आणि आपल्याला कळतही नाही. माझ्या शिंपीकाकांच्या वहीत माझी जुनी मापं आहेत, दंडाचा घेर, छाती, सगळं. दर दिवाळीला ब्लाउज शिवताना ती ताडून बघते. मला हे फार भरवशाचं वाटतं.

नदीकाठ
पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं आणि माझा काटा दीड किलोपर्यंत वर जातो. म्हणून मी या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करत नाही. गेल्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशी करते. मैत्रिणींनो, एवढं केलंत तरी निम्मा मनस्ताप वाचेल.

हुरडा
लग्नाच्या पंगतीनंतर सकाळी काटा किलोभर चढला की घाबरू नका. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, एवढं कोणी एका जेवणात जास्तीचं खात नाही. ते मीठ आणि साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) धरलेलं पाणी असतं. एकादशीनंतर उतरलेला किलोही बहुतेक तसाच. मी रोजचं वजन लिहून आठवड्याची सरासरी काढतो.

सातासमुद्र
मी न्यू जर्सीत असतो. बीएमआय 24, म्हणजे इथल्या सर्वसाधारण तक्त्यात बसतो. पण अमेरिकन डायबेटिस असोसिएशन 2015पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेह तपासणी 23पासूनच करायला सांगते. मी डॉक्टरांकडे ती मागून घेतली. इकडच्या मराठी मंडळींनी जरूर मागावी. आणि चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती काटे पायातून सूक्ष्म वीज सोडून अंदाज बांधतात. पाणी कमीजास्त प्यायलात की आकडा हलतो. सकाळी, उपाशीपोटी, रोज एकाच वेळी उभे राहा.

ओसरी
आईबद्दल लिहिते, वय 68, सांगली. वजन उतरलं म्हणून सगळे कौतुक करत होते. मला मात्र दिसत होतं की तिला खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. उतारवयात चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रयत्नाशिवाय वजन उतरत असेल तर आधी तपासण्या करा. आम्ही केल्या, सुदैवाने तसं काही निघालं नाही. मग भाकरीबरोबर रोज उसळ किंवा पिठलं, वाटीभर दही, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेली उठबस. आता अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा उठते, तेच वहीत लिहितो. वजनाचा रकाना आम्ही काढूनच टाकला.

चांदणवेल
बाळंतपणाला सहा महिने झाले. पोटाच्या मधल्या स्नायूंत फट आहे, त्यामुळे संध्याकाळी कंबर जास्तच भरते. मग माप कसं धरायचं?

ओसरी
@चांदणवेल, सकाळी पोट रिकामं असताना एकदाच मोजा, आणि पोटाचे व्यायाम सुरू करायच्या आधी ती फट फिजिओला दाखवा. बाळ लहान आहे, अंगावर पाजत असाल तर जेवण तोडू नका.