भिंतीतली टाकी: आधी चिलर ठरवा

सहा बाय दोन बाय दोन फुटांची रीफ टाकी (म्हणजे जिवंत प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची टाकी) हॉलच्या भिंतीत बसवायची आणि चिलरचं, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचं, नंतर बघू, असं तुम्ही लिहिलंय. सोलापुरात हे चालायचं नाही. मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो, प्रवाळांना मानवतात 25-26 अंश. 30च्या वर पाणी टिकलं की ते अंगातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. चिलर टाकीमागच्या बंद खोलीत मात्र ठेवू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो त्याच खोलीत सोडणार आणि पुन्हा तीच उपसत बसणार. सरळ गॅलरीत काढा.

दुसरं, आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचीच घाला, क्षारता 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) आसपास राहू द्या. नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेव्हा साठवणीची टाकी आत्ताच हिशेबात धरा. (आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला चालतं.)

वजनाचं म्हणाल तर काठोकाठ भरल्यावर नुसतं पाणीच 700 किलोच्या घरात. चार इंची भिंतीवर भार नको, खाली लोखंडी स्टँड हवा. वरच्या मजल्यावर असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.