शब्दचर्चा: गेमच्या बाबतीत 'एक्सक्लुझिव' म्हणजे नक्की काय आणि मराठीत काय म्हणायचं?

सोनीच्या प्लेस्टेशनवाले आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवाले (दोन्ही टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन, म्हणजे कन्सोल) भांडायला लागले की चार मेसेजच्या आत 'एक्सक्लुझिव', म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर मिळणारा गेम, हा शब्द येतोच. तुमच्याकडे एक्सक्लुझिव आहेतच कुठे, आमच्याकडे बघा, वगैरे. मी एक्सबॉक्स ३६० वर वाढलो, आता घरी पीएस फाइव्ह (पाचवं प्लेस्टेशन) आहे आणि बहिणीने सिंगापूरहून आणलेला निन्टेन्डोचा स्विच आहे, त्यामुळे कुठल्या एका कंपनीचा झेंडा घेऊन आलेलो नाही. पण हा शब्द ज्या पद्धतीने वापरतात ते मला मनापासून खटकतं, कारण त्याच्याखाली तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि त्यातली एक चांगली, एक बरी आणि एक सरळसरळ वाईट आहे. म्हणून हा धागा.

आधी मराठी शब्दांचं बघू. 'अनन्य' हा शब्द भाषांतर केलेल्या जाहिरातीत सोडून मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. 'खास' म्हटलं की दर्जा आठवतो, खास कोल्हापुरी मसाला म्हणतो तसं, पण तो मसाला दुसरीकडे मिळतच नाही असं त्यातून कळत नाही. 'राखीव' म्हणजे कुणासाठी तरी जागा धरून ठेवलीय, इथे उलट आहे, इथे कुणाला तरी बाहेर ठेवलंय. 'मक्तेदारी' अर्थाने जवळचा आहे पण तो कंपनीबद्दल बोलतो, गेमबद्दल नाही, 'हा मक्तेदारी गेम आहे' असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे एका शब्दाला एक शब्द हे जमतच नाहीये, आणि माझं म्हणणं असं की ते जमायलाही नको, कारण गोष्टीच वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे घरचा गेम. निन्टेन्डोने स्वतःच्या लोकांकडून मारिओ बनवला, झेल्डा बनवला, तो निन्टेन्डोच्याच मशीनवर चालतो. त्यांचा खर्च, त्यांची माणसं, त्यांचा गेम, यात कुणाचं काही हिरावून घेतलेलं नाही. सोनीचा गॉड ऑफ वॉर आधी असाच होता, मायक्रोसॉफ्टची फोर्झाही आधी अशीच होती. असे गेम हेच कन्सोल घ्यायचं खरं कारण असतं. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ मध्ये आला तो दुसऱ्या कुणाला जमलाच नसता असं माझं ठाम मत आहे, कारण त्या लोकांना आपल्या मशीनची नस आणि नस माहीत होती, आणि मशीनसुद्धा काय, ताकदीत पीएस फोरच्या मागेच.

दुसरी गोष्ट दत्तक गेम. गेम दुसऱ्याचा, पण त्याला कुणी वाली उरला नव्हता. बेयोनेटाचा पहिला भाग एक्सबॉक्स ३६० आणि पीएस थ्रीवर आला होता, दुसऱ्या भागाचं काम अडकलं, निन्टेन्डोने पैसे घातले आणि २०१४ मध्ये तो फक्त त्यांच्या वी यू या कन्सोलवर आला. तेव्हा लोक जाम चिडले होते, आमचा गेम पळवला म्हणून. पण बनवणाऱ्या प्लॅटिनम गेम्सनेच सांगितलं होतं की निन्टेन्डो नसतं तर हा गेमच नसता. मग पळवला कसा म्हणणार.

आणि तिसरा, ज्यावरून माझं डोकं फिरतं, तो अडवलेला गेम. गेम सगळीकडे येणारच होता, बनवणारा ठणठणीत होता, मधे कुणीतरी पैशाची थैली घेऊन आलं आणि म्हणालं त्यांना देऊ नका, किंवा वर्षभर देऊ नका. राइज ऑफ द टूम रेडर घ्या. त्याच्या आधीचा भाग सगळ्यांनी सगळीकडे खेळला होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत गेम्सकॉम या गेमच्या प्रदर्शनात स्टेजवरून सांगितलं की पुढच्या वर्षी हा फक्त एक्सबॉक्सवर, आणि ते वाक्य असं गोल ठेवलं होतं की कायमचा की काही दिवसांचा हे कुणालाच कळेना, नंतर विचारून विचारून बाहेर आलं की कराराला मुदत आहे. पीएस फोरवाल्यांना तो मिळाला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने.

सोनीवाल्यांनी यावर हसू नये. मार्व्हल्स ॲव्हेंजर्समध्ये तर एकाच गेममधलं एक पात्र अडवलं होतं. गेम २०२० मध्ये सगळीकडे आला, पण स्पायडरमॅन फक्त प्लेस्टेशनवर. एक्सबॉक्सवाल्याने तीच डिस्क पूर्ण पैसे देऊन घेतली तरी त्याच्याकडे स्पायडरमॅन नाही. आता याला आणि मारिओला एकच शब्द कसा लावायचा, तुम्हीच सांगा.

तर घरचा, दत्तक आणि अडवलेला. अजून चांगले शब्द असतील तर हवेच आहेत.

प्रतिसाद १

रुमाल टाकून ठेवतो. तोपर्यंत एक बारीक शंका, 'तो गेम' की 'ती गेम'? आमच्या सोलापूरकडे सगळे 'ती गेम' म्हणतात, 'कुठली गेम लावलीस?' असंच. त्या हिशेबाने घरची, दत्तक आणि अडवलेली. 'दत्तक' बदलत नाही हे सोयीचं आहे.

धागाकर्ता

दोन्ही ऐकलंय, दोन्ही चालावं. आमच्याकडे मुंबईत एकच माणूस 'गेम संपवला' आणि 'गेम वाजवली' दोन्ही म्हणतो, अर्थ मात्र फार वेगळे.

प्रतिसाद २

निन्टेन्डोपुरता तयार शब्द पुण्यात पाट्यांवर लिहिलेला आहे की, 'आमची कोठेही शाखा नाही'. गंमत म्हणून नाही म्हणत, ती पाटी नेमकं तेच सांगते, माल आम्ही बनवतो आणि इथे आलात तरच मिळेल. त्यात दुसऱ्या दुकानदाराला पैसे देऊन त्याचं शटर खाली ओढलंय असं नाही. सोनीचं आता तसं राहिलेलं नाही, २०२० मध्ये होरायझन पीसीवर आला, २०२२ मध्ये गॉड ऑफ वॉर आला, हेलडायव्हर्स २ तर पीएस फाइव्ह आणि पीसीवर एकाच दिवशी आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टात, म्हणजे २०२५ मध्ये, चक्क एक्सबॉक्सवरसुद्धा. शाखाच शाखा.

धागाकर्ता

पाटी एकदम चपखल आहे. फक्त निन्टेन्डोला इतकं सोवळं समजू नका. अडवण्याचा धंदा रीतसर सुरू केला तो त्यांनीच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या मशीनसाठी गेम बनवायचा तर करारात लिहिलेलं असायचं की वर्षाला पाचच गेम काढायचे आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर द्यायचा नाही. वर मशीनमध्ये कुलूपवाली चिप, परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालायचीच नाही. बिचाऱ्या सेगाला, म्हणजे त्यांच्या स्पर्धक कंपनीला, त्या काळात गेम मिळायचे नाहीत ते यामुळे. आपल्याकडे गल्लीत जे स्वस्तातले मशीन आणि हजारो गेमवाली कॅसेट असायची तिथे यातलं काही पोचलं नाही म्हणून आपल्याला ते माहीत नाही.

प्रतिसाद ३

मग फायनल फँटसी सेव्हनचं काय? पहिले सहा भाग निन्टेन्डोच्या मशीनवर, सातवा १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर. निन्टेन्डोवाले तेव्हापासून म्हणतायत की सोनीने अडवला.

धागाकर्ता

नाही अडवला. तो गेम तीन सीडींवर होता. निन्टेन्डो ६४ ला सीडीच नव्हती, कॅसेट होती, तिच्यात जास्तीत जास्त ६४ एमबी बसायचे आणि एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास. बसणारच नव्हता, म्हणून गेला. याला वेगळा शब्द कशाला हवा, 'तिकडे मावत नव्हता' एवढं पुरे.

प्रतिसाद ४

तुमची तीन खणांची मांडणी आवडली पण हेलो कुठल्या खणात? सगळे त्याला एक्सबॉक्सचा घरचा गेम म्हणतात. पण १९९९ मध्ये तो पहिल्यांदा जगाला दाखवला तो स्टीव्ह जॉब्सने, ॲपलच्या कार्यक्रमात. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये तो एक्सबॉक्सबरोबर आला. ॲपलच्या मॅकवाले २००३ पर्यंत बसले वाट बघत. मला वाटतं इथे चौथा शब्द लागेल. पूर्वी राजे एकमेकांचे मुलूख घ्यायचे तेव्हा 'मांडलिक' म्हणायचे. बंजी मांडलिक, मायक्रोसॉफ्टनेच पुढे घेतलेली बेथेस्डा मांडलिक, ॲक्टिव्हिजन तर ६८.७ अब्ज डॉलरचा मांडलिक.

धागाकर्ता

'मांडलिक' स्टुडिओसाठी उत्तम शब्द आहे, उचलला. पण गेमसाठी मी बघेन की तो येणार होता का. हेलोचा पहिला भाग मॅकवाल्यांसाठी अडवलेलाच, त्यात काय वाद. दुसऱ्या भागापासून घरचा, कारण तो पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या पैशावर झाला. बेथेस्डाच्या स्टारफील्ड या गेमचं काम ती विकली जायच्या आधीच चालू होतं आणि २०२३ मध्ये तो आला तो फक्त एक्सबॉक्स आणि पीसीवर, म्हणजे माझ्या लेखी अडवलेला. उलट माइनक्राफ्ट बघा, मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून घेतला तरी कुणाच्या मशीनवरून काढला नाही. स्टुडिओ मांडलिक झाला म्हणून गेम अडवायलाच लागतो असं नाही, अडवायचं की नाही हे ठरवणारी माणसं असतात.

प्रतिसाद ५

थोडं विरुद्ध लिहितो. कन्सोल कमी नफ्यात, कधीकधी तोट्यातही विकतात, कमाई गेमवर. ग्राहक आपल्या दारात यायला काहीतरी लागणारच, प्रत्येक गोष्ट घरी बनवायला पाच-पाच वर्षं लागतात. बाहेरून एखादा गेम बांधून घेतला तर एवढं काय आकांडतांडव? सिनेमाचे हक्क एकच ओटीटी घेतं तेव्हा आपण गप्प बसतो.

धागाकर्ता

ओटीटी बदलायला महिन्याचे दोनशे-तीनशे जातात, कन्सोल बदलायला पन्नास हजार. पीएस फाइव्ह इथे २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, वर नवा गेम ४,९९९ चा. आपल्यातले बहुतेक जण एकच मशीन घेऊ शकतात आणि ते सहा-सात वर्षं पुरवतात, त्या पोराला घेतल्यानंतर कळतं की पुढचा भाग तुला नाही. अमेरिकेतला माणूस कदाचित दोन्ही ठेवत असेल, इथे वडिलांना एकदाच पटवता येतं. पैसे लावून नवीन काही उभं करा, मी टाळ्या वाजवीन. होणाऱ्या गोष्टीत आडवं पडायला पैसे लावता तेव्हा त्या पैशातून गेममध्ये एका झाडाचीसुद्धा भर पडत नाही.

प्रतिसाद ६

पुण्यातून लिहितेय, आणि राजीचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? राजी: ॲन एन्शंट एपिक, नॉडिंग हेड्स गेम्स, आपल्या पुण्यातली छोटी टीम. क्राउडफंडिंग फसलं, त्यांच्यातल्या एकीने स्वतःचा फ्लॅट विकून पैसे उभे केले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम आला तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. जो स्विच भारतात कंपनी विकतच नव्हती! म्हणजे दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत, राजी आपल्या भावाला, गोलूला शोधतेय, भिंतींवर पहाडी चित्रं, आणि पुण्यातल्या माणसाला तो गेम खेळायचा तर दुबईहून कुणी मशीन आणलंय का ते शोधा. ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला तेव्हा मी पीसीवर खेळले आणि सावल्यांच्या बाहुल्यांनी गोष्ट सुरू होते तिथेच डोळे भरून आले, असं काही आपल्याकडे कुणी केलंच नव्हतं. पण ते दोन महिने मला फार लागले होते. तुमच्या हिशेबाने हा अडवलेला ना?

धागाकर्ता

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. आपल्याला लागलं ते खरंच. पण निन्टेन्डोच्या कार्यक्रमात पुण्याच्या गेमचं नाव जगभर दिसलं, एवढ्या लहान टीमला ते स्वतःच्या बळावर शक्य नव्हतं, आणि मुदतही दोनच महिन्यांची. म्हणून मी याला अडवलेला नाही म्हणणार. 'मुदतीचा' म्हणू. मुदत आधी सांगितली आणि त्या बदल्यात बनवणाऱ्याच्या पदरात काही पडलं तर तो मुदतीचा. टूम रेडरच्या वेळी मुदतच लपवली होती, तिथे मी 'अडवलेला'च म्हणणार.

प्रतिसाद ७

'मुदतीचा' +१. जीटीए व्हाइस सिटी असाच मुदतीचा होता, २००२ मध्ये आधी पीएस टूवर, पीसीवर २००३ ला. आपल्यातल्या कुणालाच ते माहीत नाही, कारण आपण सगळे तो सायबर कॅफेत पीसीवर खेळलो आणि तो पीसीचाच गेम आहे असं धरून चाललो. आणि जाता जाता, ब्लडबोर्न कुठे टाकताय?

धागाकर्ता

दत्तक. बनवला फ्रॉमसॉफ्टवेअरने, पैसा सोनीचा, सोनीच्या जपान स्टुडिओची माणसं बरोबर, हक्कही सोनीकडे. त्यामुळे २०१५ मध्ये तो फक्त पीएस फोरवर आला यावर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे. होरायझन पीसीवर गेला, गॉड ऑफ वॉर गेला, हा अजून तिथेच, आणि पीएस फाइव्हवर लावला तरी सेकंदाला तीसच फ्रेम. गेममधल्या यारनाम शहराच्या त्या पहिल्या गल्लीत शेकोटीभोवती गर्दी उभी असते तिथे कॅमेरा जरा जोरात फिरवून बघा, अजूनही अडखळतो. दत्तक घेतलाय तर सोनीने त्याच्याकडे घरच्यासारखं बघावं.