मदत हवी आहे: लॅटिन ‘युकुंदुस’साठी मराठी शब्द

‘युकुंदुस, युकुंदा, युकुंदुम’ म्हणजे सुखद, ‘युवारे’ (मदत करणे, आनंद देणे) या क्रियापदाशी जोडलेलं विशेषण. अडतं ते ‘ग्रातुस’शेजारी (स्वागतार्ह; स्त्रीलिंगी ‘ग्राता’) आलं की. रोमन वक्ता सिसेरो आपल्या मित्राला, अ‍ॅटिकसला लिहितो: ते सत्य ‘युकुंदा’ नसलं, तरी मला ‘ग्राता’ आहे. म्हणजे ऐकायला बरं वाटत नाही, पण कळलं ते बरं झालं. दोन्हीकडे ‘प्रिय’ घातलं तर वाक्य स्वतःलाच खोडतं.

जवळच्या अर्थाच्या शब्दांपैकी ‘अमोएनुस’ बहुधा जागेसाठी, तिथे ‘रम्य’ चपखल. ‘सुआविस’ तर आपल्या ‘स्वादु’चाच भाऊबंद, ‘मधुर’ चालून जातं. युकुंदुस मात्र माणूस, पत्र, सहवास सगळ्यांना लागतं. ‘सुखद माणूस’ कानाला खटकतं; ‘लाघवी’ पत्राला शोभत नाही. माणूस आणि वस्तू दोन्हींना पेलेल असा एकच शब्द सुचतो का? की संदर्भागणिक बदलावा?