वैद्यकीय अध्यापकांना मार्गदर्शक हवा की नुसती शिस्त?

(प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

सातरस्तेकर

काल वैद्यकीय अध्यापकांच्या आपल्या गटात एका ज्येष्ठ सरांनी लिहिले, की नव्या सहायक प्राध्यापकांना मार्गदर्शक नेमून देण्याची जी टूम निघाली आहे ती लाडावलेल्या पिढीची हौस आहे, आणि त्यांना स्वतःला कोणी बोट धरून चालवले नव्हते तरी ते प्राध्यापक झालेच. त्याखाली उमटलेले अंगठे पाहून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

एम.डी. होऊन आणि वर्षभर सीनियर रेसिडेंट राहून आज जो सहायक प्राध्यापक रुजू होतो, त्याच्यापुढे पहिल्याच महिन्यात काय वाढून ठेवलेले असते ते पाहावे. ओपीडी आणि वॉर्ड तर आहेतच. शिवाय २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आल्यामुळे विद्यार्थ्यांची लॉगबुके तपासायची, लहान गटांत शिकवायचे, एटकॉमचे (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे) तास घ्यायचे आणि चेहरा दाखवून हजेरी लावायची. पदोन्नतीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी चार वर्षांच्या अनुभवासोबत दोन शोधनिबंध, वैद्यकीय शिक्षण तंत्राचा बेसिक कोर्स आणि बीसीबीआर (जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन बेसिक कोर्स) अशा अटी घातल्या. निबंधही कोणताही चालत नाही. ज्या केस रिपोर्टवर (एखाद्या रुग्णाच्या नोंदीवर) आपल्यापैकी बहुतेकांचा हात बसला तो मोजलाच जात नाही. मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचे एकत्रित विश्लेषण), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) किंवा केस सिरीजच (अनेक रुग्णांच्या नोंदी) हवी.

बेसिक कोर्सच्या तीन दिवसांत पाठाची उद्दिष्टे कशी लिहावीत आणि बहुपर्यायी प्रश्न कसा बेतावा हे शिकवतात, आणि ते बऱ्यापैकी शिकवतात. बीसीबीआरच्या व्हिडिओंतून अभ्यासाचे आराखडे कळतात. पण आपल्या ओपीडीत रोज येणाऱ्या यंत्रमाग कामगारांच्या खोकल्यात संशोधनाजोगा प्रश्न कोणता, 'मेजर रिव्हिजन' (मोठे फेरबदल करा) म्हणून परत आलेल्या निबंधाला उत्तर कसे द्यावे, आणि विभागप्रमुखांनी आणखी एक समिती गळ्यात घातली तर नाही कसे म्हणावे, हे कोणताच व्हिडिओ सांगत नाही. म्हणून मार्गदर्शक दुसऱ्या विभागातील असावा, आपला गोपनीय अहवाल ज्याच्या हातात नाही असा असावा, आणि आठवड्यातील अर्धा दिवस दोघांनाही लेखी आदेशाने मोकळा मिळावा, एवढीच मागणी आहे. यात लाड कुठे आले ते सरांनी सांगावे.

जुने विभागप्रमुख

'लाडावलेली' हा शब्द माझा आहे आणि तो मी मागे घेत नाही. आमच्यातील कित्येकांनी एकशेवीस दिवसांच्या नेमणुकांवर उमेदीची वर्षे काढली. मुदत संपली की सेवेत खंड आणि पुन्हा नवा आदेश, आणि त्या काळात घरभाडे कसे द्यायचे याचे मार्गदर्शन कोणत्याही समितीने केले नाही.

माझ्या सरांनी मला समोर बसवून कारकीर्दीच्या गप्पा कधी मारल्या नाहीत. ते आठाच्या आधी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये येत, मी मोकळी केलेली ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे) पाहत, आणि एखादी शाखा कापली गेली असेल तर चिमटा टेबलावर ठेवून एक शब्दही न बोलता निघून जात. त्या न बोलण्यातून मी जे शिकलो ते अर्ध्या दिवसाच्या सुटीतून कोणाला मिळेल असे मला वाटत नाही. गुरू हा शासन निर्णय काढून मिळत नसतो. आपल्याच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक भैय्या चौकात आहे आणि आपण सारे त्यावरून रोज जाता. ते चीनला निघाले तेव्हा त्यांना कोणी मार्गदर्शक नेमून दिला होता काय?

होटगी रोड

सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की कोटणीसांचे उदाहरण नेमके उलटे पडते. १९३८ साली जे वैद्यकीय पथक गेले ते पाच डॉक्टरांचे होते आणि त्याचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनच्या युद्धात काम करून आलेले होते. म्हणजे रणभूमीवरील शस्त्रक्रिया पाहिलेला ज्येष्ठ माणूस बरोबर देऊनच त्या तरुणाला पाठवले गेले, आणि पुढे १९४१ मध्ये तोच तरुण तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचा संचालक झाला. याला कारकीर्द घडवणे म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आणखी एक. कोटणीस मुंबईच्या ज्या जी.एस. महाविद्यालयात शिकले, तिथेच २००५ पासून अध्यापकांसाठी फेमर या वैद्यकीय शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा दोन वर्षांचा फेलोशिप कार्यक्रम चालतो. त्यात प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयासाठी एक प्रकल्प करायचा असतो आणि एकत्र येण्याच्या सत्रांच्या मधल्या काळात ईमेलवरील चर्चेतून ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळते. तो करून आलेले लोक बेसिक कोर्स करून आलेल्यांपेक्षा वेगळे दिसतात हे मी खासगी महाविद्यालयात बसून पाहतो आहे. आमच्याकडे अडचण निराळी आहे. फेलोशिप करून आलेल्या माणसाला दुसरे महाविद्यालय वाढीव पगार देऊन उचलते, त्यामुळे आमचे व्यवस्थापन कोणाला पाठवायलाच तयार नसते.

रात्रपाळी

मी प्रसूतिशास्त्रात आहे, आणि 'अर्धा दिवस मोकळा' हे शब्द वाचून मला हसू आवरले नाही. आमच्या विभागात लेबर रूम कोणाचाही लेखी आदेश वाचत नाही.

मार्गदर्शक योजना मी अनुभवलेली आहे. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होते तिथे महाविद्यालयाच्या मान्यतेसाठीच्या इन्स्पेक्शनच्या तोंडावर ती सुरू झाली. विभागप्रमुखच सर्वांचे मार्गदर्शक झाले, 'मेंटॉर–मेंटी बैठक' असे शीर्षक असलेले रजिस्टर आले, मागील तारखांच्या सह्या एका दुपारी घेतल्या गेल्या आणि जिओटॅग केलेला एक फोटो काढला गेला. त्या वर्षभरात सरांनी मला कारकीर्दीबद्दल विचारलेला एकमेव प्रश्न 'रजा कधी संपते' हा होता.

आता खरे दुखणे सांगते. विडी कामगार महिलांच्या गरोदरपणातील रक्तक्षयावर मी वस्त्यांमध्ये जाऊन माहिती गोळा केली, त्यांच्या सोयीसाठी तेलुगू बोलणारी परिचारिका बरोबर घेतली, एथिक्स कमिटीच्या खेपा मारल्या आणि निबंधही मीच लिहिला. छापून आला तेव्हा पहिले नाव विभागप्रमुखांचे, दुसरे त्यांच्या मर्जीतील सहयोगी प्राध्यापकांचे, तिसरे पीजी विद्यार्थ्याचे आणि चौथे माझे होते. पदोन्नतीच्या नियमाने पहिली तीन नावे किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक एवढेच धरले जातात. मार्गदर्शक नेमण्याआधी निबंधावर कोणाचे नाव कुठे येणार हे ठरवा, मग बाकीचे बोलू.

जुने विभागप्रमुख

मॅडम, आपल्यावर अन्याय झाला असेल, परंतु एका प्रसंगावरून सगळ्या विभागप्रमुखांना चोर ठरवू नये. विभाग उभा कोण करतो, उपकरणांच्या खरेदीसाठी मंत्रालयापर्यंत कोण जातो, आणि एथिक्स कमिटीपुढे प्रस्ताव ज्याच्या सहीने जातो तो कोण असतो? ज्याच्या छत्राखाली काम झाले त्याचे नाव घालणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि आम्हीही आमच्या सरांची नावे कोणतीही कुरकुर न करता घातली आहेत.

रात्रपाळी

रीत आहे म्हणून तर लिहिले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामाच्या कल्पनेत, आखणीत किंवा माहितीत भरीव वाटा, लेखनात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. छत्र धरणे हा त्यात कुठेही निकष नाही. छत्र धरणाऱ्याचे आभार शेवटी मानावेत असे मात्र तिथे स्पष्ट आहे. खरेदीच्या फाइलवर सही केली म्हणून पहिले नाव मिळत असेल, तर लेखा विभागातील कारकुनालाही एखाद्या निबंधात घ्यायला हवे.

जुने विभागप्रमुख

ही भाषा आपल्या वयाला शोभत नाही. ज्यांनी मसुद्यातील इंग्रजी सुधारले, सारणी क्रमांक तीनमधील चुका काढल्या, त्यांना आपण कारकुनाच्या रांगेत बसवता.

होटगी रोड

सर, मॅडमनी सारणी सुधारणाऱ्यांबद्दल काही लिहिलेलेच नाही. सारणी न पाहणाऱ्यांबद्दल लिहिले आहे. आपण स्वतः सारणी पाहणाऱ्यांपैकी होता हे सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आपण उगाच दुसऱ्यांची वकिली घेऊ नये.

पी व्हॅल्यू

मी जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागात आहे आणि माझी तक्रार कोणीच मांडणार नाही म्हणून आधी तीच मांडतो. सगळ्या विभागांतील मार्गदर्शक आणि त्यांचे शिष्य शेवटी प्रबंध सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येतात आणि 'सर, जरा पी व्हॅल्यू काढून द्या' असे म्हणतात. पी व्हॅल्यू म्हणजे निकाल सांख्यिकीच्या कसोटीला उतरतो का हे पाहण्याचा आकडा. नमुन्याची संख्या कशी ठरवली असे विचारले तर 'एवढेच रुग्ण मिळाले' हे उत्तर मिळते. मार्गदर्शनाची योजना करायचीच असेल तर ती प्रश्न ठरवण्याच्या दिवशी सुरू व्हावी, निबंध फसल्यावर नव्हे.

आता पुराव्याबद्दल. २००६ मध्ये जामा या नियतकालिकात वैद्यकीय क्षेत्रातील मार्गदर्शनावर एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आला होता. त्यात असे दिसले, की निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना आणि काही शाखांत वीस टक्क्यांहूनही कमी अध्यापकांना मार्गदर्शक होता, आणि ज्यांना होता त्यांना करिअरची निवड व संशोधन यांत त्याचा मोठा वाटा जाणवला. पण 'जाणवला' हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक अभ्यास प्रश्नावली भरून घेतलेले होते आणि पुरावा भक्कम नाही हे लेखकांनीच म्हटले होते. ज्याला चांगला मार्गदर्शक भेटतो तो मुळातच धडपडा असण्याचा संभव असतो. तेव्हा यश मार्गदर्शकाचे की धडपडीचे हे अशा अभ्यासातून सुटे करता येत नाही. सातरस्तेकरांनी हे ध्यानात घ्यावे आणि सरांनी यावर फार खूश होऊ नये, कारण चिमटा टेबलावर ठेवून निघून जाण्याच्या पद्धतीला तर एवढाही पुरावा नाही. त्या हॉलमधून जे शिकून बाहेर पडले तेवढेच आज आठवणी सांगायला आहेत. जे कंटाळून बाहेर गेले ते या गटात नाहीत.

वेळेच्या मुद्द्यावर मी सातरस्तेकरांच्या बाजूचा आहे. अमेरिकेत ज्याला 'के' अनुदान म्हणतात त्यात तरुण चिकित्सकाला मार्गदर्शक दाखवावा लागतोच, पण त्याचबरोबर त्याचा साधारण पंचाहत्तर टक्के वेळ संशोधन आणि प्रशिक्षणासाठी राखला जाईल अशी हमी त्याच्या संस्थेला द्यावी लागते. आपण त्यातील मार्गदर्शक तेवढा उचलला आणि वेळ तिकडेच ठेवला.

हंगामी

सगळे वाद कायम नोकरीवाल्यांचे चालले आहेत. मी कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे. माझा करार संपेल तेव्हा माझा मार्गदर्शक कोणाला मार्गदर्शन करणार? आणि मार्गदर्शक तरी जागेवर राहतो का? २०२४ साली राज्यात एकाच वेळी दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. इमारती आणि जागा मंजूर होतात. पण इन्स्पेक्शनला दाखवायला अध्यापक लागतात, आणि ते जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर हलवले जातात. २०२५ च्या नियमांनी तर दहा वर्षांच्या अनुभवी शासकीय तज्ज्ञाला थेट सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट उघडली. माझा त्याला विरोध नाही, ते शस्त्रक्रियेत आम्हाला चार गोष्टी शिकवतील. पण ज्यांनी स्वतः कधी प्रबंध तपासलेला नाही ते उद्या कागदोपत्री आमचे मार्गदर्शक असतील.

सातरस्तेकर

हंगामी यांचा मुद्दा खरा आहे, पण तो योजनेच्या विरोधात जात नाही. एकाच माणसावर योजना टांगण्याच्या विरोधात जातो. अमेरिकेतील ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या ब्रॉडी वैद्यकीय विद्याशाखेत समवयस्क अध्यापकांचा गट एकमेकांना मार्गदर्शन करतो असा कार्यक्रम चालवला गेला आणि त्यावरचा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच-सहा जणांतील एकाची बदली झाली तरी बाकीचे उरतात. त्याला ना शासन निर्णय लागतो, ना रजिस्टर. रात्रपाळी यांच्या लेबर रूमचे उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. जोवर रिक्त पदे भरली जात नाहीत तोवर तिथे अर्धा दिवस कोणी देऊ शकणार नाही.

जुने विभागप्रमुख

म्हणजे आता मार्गदर्शक ज्येष्ठही असायला नको. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची. उत्तम. पी व्हॅल्यू यांनी माझ्या सरांचा पुरावा मागितला आहे, तो मी देऊ शकत नाही. दोन सहाध्यायी त्या हॉलमधून सहा महिन्यांत निघून गेले होते हे मात्र मला आठवते, आणि त्यांतला एक माझ्यापेक्षा हुशार होता. एवढ्याने आपले समाधान होत असेल तर करून घ्यावे.

निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळच वेळ आहे आणि कोणाचाही गोपनीय अहवाल आता माझ्या हातात नाही, म्हणजे सातरस्तेकरांच्या या दोन अटींत मी अनायासे बसतो. ज्या दोन-तीन जणांना खरोखर निबंध लिहायचा आहे, तक्रार लिहायची नाही, त्यांनी मसुदे पाठवावेत. रात्रपाळी मॅडमनीही पाठवावा. प्रसूतिशास्त्र मला कळत नाही, पण वाक्य कळते.

रात्रपाळी

लेखकांचा क्रम पहिल्या दिवशी लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन ठेवणार असाल तर पाठवते. विडी कामगारांचाच दुसरा भाग आहे, बाळांच्या जन्मवजनाचा.

जुने विभागप्रमुख

लिहून ठेवा. माझे नाव त्यात कुठेही नको, आभारातही नको. मास्टर चार्ट पाठवताना एक्सेलमध्ये रंग भरून पाठवू नये, मला छापील प्रत लागते.

पी व्हॅल्यू

आणि वय व गरोदरपणाचा आठवडा एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून लिहू नये. मागचा चार्ट माझ्याकडे तसाच आला होता.