मदत हवी आहे : पाण्याखालच्या ‘पतंगा’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या हस्तलिखितासाठी अमेरिकन नौदलाच्या ‘फाल्कन’ या सुरुंग काढणाऱ्या जहाजावर लिहितोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय.

१९१८ साली नौदलात दाखल झालेलं हे जहाज. पहिलं महायुद्ध संपल्यावर उत्तर समुद्रात हजारो सुरुंग तसेच राहिले होते, ते काढायला १९१९ मध्ये गेलं. पुढे पाणबुड्यांच्या बचावकामाला लागलं. मे १९३९ मध्ये ‘स्क्वालस’ ही पाणबुडी बुडाली तेव्हा याच जहाजावरून पोलादी घंटा (माणसं आत बसवून वर आणायची बंद कोठी) सुमारे २४० फूट खाली सोडून ३३ जण जिवंत वर आणले. तो भाग लिहून झालाय, मजा आली.

अडलंय ते सुरुंग काढण्यापाशी. तेव्हा दोन जहाजं समांतर चालायची, मध्ये सुरुंग अडकवायला तारेचा दोर. तो ठरावीक खोलीवर राहावा म्हणून दोराला वजनदार लाकडी चौकट लावायचे. इंग्रजीत तिला ‘काइट’ म्हणतात. पण मराठीत पतंग लिहिलं की वाचणारा आभाळाकडे बघणार, आणि ही बया तर दोर खाली दाबते!

ब्रिटिशांनी या कामाला मासेमारीचे ट्रॉलर जुंपले होते, म्हणून वाटलं, कोळी बांधवांकडे शब्द असेल. ट्रॉलजाळ्याचं (बोटीमागे ओढत न्यायच्या जाळ्याचं) तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्यांना हर्णै, रत्नागिरी, मालवणकडे काय म्हणतात? आणि जाळं खाली ठेवणाऱ्या वजनाला? घरात कुणी बोटीवर जाणारं असेल तर विचारून सांगा प्लीज. रविवारी मजकूर द्यायचाय.